यंत्राच्या हातीं लेखणी

सध्यांचें युग हें यंत्रयुग होय, हें वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनीं शाळेंत असतांना निबंधाच्या आरंभीं अनेकवार लिहिलें असेल. त्या काळीं यंत्र म्हटलें कीं कापडाची गिरणी, आगगाडी किंवा छापखाना डोळ्यांपुढें उभा राही. या यंत्रांनीं मनुष्याच्या हातापायांचें काम आपल्याकडे घेतलें. मनाचें काम मात्र मनुष्याकडेच राहिलें. 2022 सालच्या नोव्हेंबर महिन्यांत 'चॅट-जीपीटी' नांवाचें यंत्र सर्वांस खुलें झालें, आणि तेव्हांपासून ही जुनी वांटणीहि मोडली असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे. विषय सांगावा व निबंध घ्यावा, इंग्रजी उतारा द्यावा व मराठी उतारा घ्यावा, असा व्यवहार आतां खिशांतील मोबाइलवर क्षणार्धांत होतो. मग भाषांतरकार कशास हवा? कवि कशास हवा? आणि, विद्यार्थीमित्रहो, तुम्हीं तरी निबंधाची वही पुढें घेऊन तासभर कशासाठीं बसावें?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर द्यावयाचें तर प्रथम तें यंत्र काय करतें व कसें करतें, हें समजून घेतलें पाहिजे.

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची कल्पना आजची नव्हे. 1954 सालच्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें जॉर्जटाऊन विद्यापीठ व आय. बी. एम. कंपनी यांनीं मिळून एक प्रयोग करून दाखविला. यंत्राजवळ अवघे 250 शब्द व व्याकरणाचे सहा नियम होते. तेवढ्या भांडवलावर त्यानें साठांहून अधिक रशियन वाक्यांचें इंग्रजी करून दिलें. तीन ते पांच वर्षांत भाषांतराचा प्रश्न बव्हंशीं सुटेल, असें भाकीत त्या वेळीं वर्तविण्यांत आलें. परंतु बारा वर्षांनंतर, 1966 सालीं, अमेरिकन सरकारनें नेमलेल्या समितीनें अहवाल दिला तो असा कीं, यंत्राचें भाषांतर मनुष्याच्या भाषांतराहून अधिक मंद, कमी अचूक आणि दुप्पट खर्चाचें आहे. त्यानंतर या उद्योगाला मिळणारें द्रव्य आटलें आणि पुष्कळ वर्षें तो मागें पडला.

त्या काळचें यंत्र कोश व व्याकरण यांच्या आधारानें चाले. हल्लींच्या यंत्राची रीत निराळी आहे. त्याला कोणी व्याकरण शिकवीत नाहीं. त्याच्यापुढें कोट्यवधि वाक्यें ठेवतात. एक शब्द झांकून तो ओळखावयास लावतात. चुकलें तर आंतील आंकडे किंचित् बदलतात. आणि हा क्रम अगणित वेळां चालू ठेवतात. अशा रीतीनें कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज तें आश्चर्यकारक अचूकपणें करूं लागतें. 'गोदावरीला पूर' एवढे शब्द दिले म्हणजे पुढें 'आला' हा शब्द यावयाचा, हें त्याला कळतें. परंतु दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलें म्हणजे सराफ बाजारांतील दुकानदार माल वरच्या मजल्यावर कां हालवूं लागतो, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें. त्याविषयीं कोणीं कांहीं लिहिलें असेल तर तेवढें त्याच्या पदरीं पडलेलें असतें, इतकेंच. गूगल कंपनीच्या भाषांतर-यंत्रांत मराठी भाषेचा समावेश 2013 सालीं झाला, आणि 2017 सालापासून मराठीलाहि ही नवी रीत लागू झाली. तेव्हांपासून त्याच्या मराठींत पुष्कळच सुधारणा झालेली आहे.

या यंत्राचा उपयोग नाहीं असें म्हणणें हा अन्याय होईल. 2025 सालीं प्रयागच्या कुंभमेळ्यांत यात्रेकरूंच्या प्रश्नांस अकरा भाषांत उत्तरें देणारें असें एक यंत्र योजिलें होतें. लाखोंच्या गर्दींत वाट चुकलेल्या वृद्धेला तिच्या भाषेंत चार शब्द कोणीं सांगितले, मनुष्यानें कीं यंत्रानें, याची चिकित्सा करण्याचें कारण नाहीं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल देशी भाषांत उपलब्ध व्हावे म्हणून 2019 सालीं 'सुवास' नांवाची यंत्रयोजना सुरू झाली. मराठीहि त्या भाषांपैकीं एक आहे. ज्या पक्षकाराचें घर किंवा शेत त्या निकालावर अवलंबून असतें, त्याला तो निकाल आपल्या भाषेंत मिळावा ही इच्छा स्तुत्यच होय.

तथापि याच उदाहरणांत यंत्राची अडचणहि दिसते. न्यायालयीन इंग्रजींत 'लीव्ह ग्रँटेड' असे दोन शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ अपील चालविण्यास परवानगी दिली, असा आहे. शाळेंत हेच शब्द आले तर रजा मंजूर झाली, असा अर्थ होतो. कोश दोन्ही अर्थ देईल. त्यांतून निवड करणारा पाहिजे. म्हणूनच यंत्रानें केलेले मसुदे भाषांतरकार तपासून पाहतात.

येथें कोणी म्हणेल कीं, हा दोष उद्यां दूर होईल. तें खरेंच आहे. यंत्राच्या चुकांची यादी करून हंसण्यांत कांहीं विद्यार्थ्यांना मौज वाटते. परंतु अशा यादीवर आपला पक्ष उभारणें शहाणपणाचें नाहीं. गेल्या वर्षीं जी चूक तें करीत होतें ती या वर्षीं करीत नाहीं. 'डोळा लागला' याचें भाषांतर करतांना कालचें यंत्र अडखळलें असेल. आजचें बहुधा अडखळणार नाहीं. 'यू' या एका इंग्रजी शब्दासाठीं तूं, तुम्ही कीं आपण, हें बोलणाऱ्यांचें नातें सांगितलें असतां तेंहि बहुधा बरोबर ठरवील. तेव्हां प्रश्न केवळ चुकांचा नाहीं. उद्यां यंत्र एकहि चूक न करतां लिहूं लागलें, तरी तें भाषांतरकाराची जागा घेईल काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधावयास आपणांस नाशिकाबाहेर फारसें जावें लागत नाहीं.

त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची समाधि आहे. त्यांचे धाकटे बंधु व शिष्य ज्ञानेश्वर यांनीं 1290 सालीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला. गीतेचे श्लोक 700. ज्ञानेश्वरीच्या ओंव्या सुमारें नऊ हजार. शब्दास शब्द ठेवणें हेंच भाषांतर असेल तर हा हिशेब कधींच जुळणार नाहीं. ज्ञानेश्वरांपुढें संस्कृत न जाणणारा श्रोता बसलेला होता. त्याला कोठें दृष्टान्त पाहिजे, कोठें थांबलें पाहिजे, कोठें पुन्हां सांगितलें पाहिजे, हें त्यांनीं त्या श्रोत्याकडे पाहून ठरविलें. नऊ हजार ओंव्यांचा विस्तार त्या श्रोत्यासाठीं आहे.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांनीं वयाच्या चाळिशीनंतर हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. 1922 सालच्या एप्रिलांत त्यांचें निधन झालें. त्यापूर्वीं थोडेच दिवस तें काम पुरें झालें होतें. केडगांवच्या मुक्ति मिशनाच्या छापखान्यांत छापलेलें तें बायबल 1924 सालीं प्रसिद्ध झालें. वास्तविक मराठी बायबल त्यापूर्वींहि उपलब्ध होतें. मग एवढे कष्ट कशासाठीं? मुक्तिसदनांत आश्रयास आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना तें वाचून समजावें, ही त्यांची तळमळ होती. संस्कृत पांडित्यासाठीं कलकत्त्यास ज्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, त्यांना जड संस्कृत शब्द योजणें अवघड नव्हतें. त्यांनीं जाणूनबुजून सोपे शब्द निवडले. आपल्या पंगतीला बसून जेवणाऱ्या बायांचे चेहरे डोळ्यांपुढें ठेवून केलेली ही निवड होती.

आतां आपल्या अगदीं जवळचें पुस्तक घेऊं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 सालीं नाशिकाजवळच्या जलालपूर येथें झाला. शाळेचें शिक्षण त्यांना लाभलें नव्हतें. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' 1934 सालापासून भागशः प्रसिद्ध झालीं, आणि मराठी आत्मचरित्रांत त्यांना मानाचें स्थान मिळालें. या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर करावयाचें, अशी कल्पना करा. पहिल्याच प्रकरणांत लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोवळ्याओवळ्याचें वेड येतें. 'सोवळें' या शब्दास इंग्रजींत जोड नाहीं. स्वच्छता म्हणावें तर अर्थ हुकतो. पावित्र्य म्हणावें तर त्या घरांतील बायकामुलांचा छळ दिसत नाहीं, आणि त्यांतून उत्पन्न होणारा विनोदहि नाहींसा होतो. शब्द तसाच ठेवावा, कीं समजावून सांगावा, कीं एके ठिकाणीं समजावून पुढें तसाच वापरावा, हें भाषांतरकारानें ठरवावयाचें असतें. या पुस्तकाचें जोसेफाइन इंक्स्टर यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर 1950 सालीं निघालें, आणि शांता गोखले यांचें 2017 सालीं. इंक्स्टरबाईंनीं पुस्तकास नांव दिलें तें 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागोमाग जातें'. गोखल्यांनीं मूळ मराठी नांव ठेवून त्यास 'एका बाणेदार पत्नीच्या आठवणी' अशा अर्थाची जोड दिली. एकीला पतीच्या मागून चालणारी स्त्री दिसली, दुसरीला तिचा बाणा दिसला. पुस्तकांत दोन्ही आहेत. यंत्राला सांगितलें तर तें दहा नांवें सुचवील, आणि त्यांतील एखादें याहून अधिक आकर्षकहि असेल. पण या दोघींनीं पुस्तक वाचून, त्यावर दिवस घालवून, एका नांवाखालीं आपली सही केली. तुम्हीं हेंच नांव कां दिलें, असें विचारलें असतां त्यांना उत्तर देणें भाग होतें. यंत्राला दुसरें नांव मागा; तें तत्काळ देतें आणि पहिलें टाकून देतांना त्याला कांहींच वाटत नाहीं.

निवड करणें आणि त्या निवडीबद्दल जबाब देणें, हीं भाषांतराचीं दोन अंगें आहेत. पैकीं पहिलें अंग यंत्रास कांहीं अंशीं साधलें आहे. दुसरें साधलेलें नाहीं, व केवळ वेग वाढल्यानें तें साधेल असेंहि दिसत नाहीं. ही गोष्ट केवळ साहित्याचीच नव्हे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाइतदारास विचारा. 2010 सालीं क्लोरमेक्वाट नांवाच्या द्रव्याचा अंश सांपडल्यामुळें भारतीय द्राक्षें युरोपांत नाकारलीं गेलीं, आणि बागाइतदारांचें मोठें नुकसान झालें. तो दोष भाषांतराचा नव्हता. परंतु परदेशच्या नियमांतील एकेका आंकड्यावर येथल्या किती कुटुंबांचा संसार अवलंबून असतो, हें त्यावरून दिसून आलें. असा नियम उद्यां कोणी यंत्राकडून मराठींत करून घेतला व त्यांत दशांशाचें चिन्ह हललें, तर जबाब कोणाकडे मागावयाचा? यंत्र क्षमा मागेल, परंतु नुकसान सोसणार नाहीं. ज्यानें तें भाषांतर तपासून त्यावर नांव घातलें असेल तोच उत्तरदायी राहील. म्हणजे फिरून आपण मनुष्यापाशींच येतों.

स्वतंत्र रचनेच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. 1843 सालीं एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीनें, त्या वेळीं कागदावरच असलेल्या एका गणनयंत्राविषयीं लिहितांना, यंत्र आपण होऊन कांहीं नवें निर्माण करण्याचा आव आणीत नाहीं, असा अभिप्राय दिला होता. आजचें यंत्र तसा आव आणतें खरें. पण कुसुमाग्रजांचें, म्हणजे नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचें, उदाहरण पाहा. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून त्यांनीं 1954 सालीं 'राजमुकुट' लिहिलें. त्याच कवीच्या 'किंग लिअर'ची छाया ज्यावर आहे असें 'नटसम्राट' 1970 सालीं रंगभूमीवर आलें. लिअरला तीन मुली. गणपतराव बेलवलकरांना एक मुलगा व एक मुलगी. लिअर राज्य वांटून देतो. गणपतराव निवृत्त नट आहेत, ते आयुष्यभराची मिळकत वांटून देतात. राजाच्या जागीं नट बसविण्याची ही कल्पना शिरवाडकरांना कोठून सुचली असेल? त्यांनीं नट पाहिले होते. नाटकाची मराठी मनावरील सत्ता अनुभविली होती. आणि म्हाताऱ्या आईबापांची मुलांच्या घरीं होणारी कुचंबणा पांढरपेशा समाजांत उघड्या डोळ्यांनीं पाहिली होती. आज 'नटसम्राट' वाचून त्यासारखें दुसरें नाटक यंत्र चटकन् लिहील. मात्र तें 'नटसम्राट' आधीं लिहिलें गेलें म्हणून लिहील. 1969 सालीं कोणतेंहि यंत्र सर्व उपलब्ध वाङ्मय वाचून बसलें असतें, तरी संभवाच्या हिशेबानें त्यानें लिअरला पुन्हां राजाच केलें असतें, असें मला वाटतें.

आतां मराठीपुरता एक विशेष धोका सांगितला पाहिजे. यंत्र जें लिहिलें गेलें आहे त्यावरच पोसलें जातें. इंग्रजींत तो सांठा प्रचंड आहे. मराठींत त्या मानानें थोडा. अशा भाषांत आंतरजालावरील मजकुराचा मोठा भाग यंत्रानेंच भाषांतर केलेला असतो, असें 2024 सालीं कांहीं संशोधकांना आढळून आलें. हें मराठी वाचून पुढचें यंत्र मराठी शिकणार. म्हणजे आपलेंच उष्टें आपण खाण्यासारखा हा प्रकार झाला. मोल्सवर्थ साहेबांनीं शास्त्र्यांच्या मदतीनें कोंकणांतले व देशावरचे शब्द गोळा करून 1831 सालीं मराठी-इंग्रजी कोश छापला, आणि 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दांची संख्या साठ हजारांवर नेली. तो संग्रह चालत्याबोलत्या लोकांच्या तोंडून झालेला होता. आपल्या जिल्ह्यांत बागलाणांत अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याकडे कोंकणा बोलतात, गोदाकांठची कांदा-द्राक्षांची शेतीभाषा तर स्वतंत्रच आहे. या बोलींतील किती शब्द अजून कागदावर आलेच नाहींत! जें कागदावर नाहीं तें यंत्राला ठाऊक नाहीं. तें लिहून ठेवणारा त्या घरांत जन्मलेला मुलगा किंवा मुलगीच असणार. त्यांनींहि आपला निबंध यंत्राकडून लिहवून घेतला, तर ते शब्द आजीबरोबरच जातील.

भाषांतरावर पोट भरणाऱ्यांची चिंता खोटी आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. जाहिरातींचीं, पत्रकांचीं व यंत्रांबरोबर येणाऱ्या सूचनापुस्तकांचीं कामें यंत्राकडे जात आहेत आणि आणखी जातील. अमेरिकेंतील चित्रपटलेखकांनीं 2023 सालीं 148 दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत यंत्रास लेखक मानूं नये हीहि एक मागणी होती, व ती मान्य झाली. यंत्र अमुक काम करूं शकतें कीं नाहीं, एवढ्यावर गोष्टी ठरत नसून, आपण त्याच्याकडे कोणतें काम सोंपवावयाचें ठरवितों, यावरहि त्या ठरतात, एवढा बोध यांतून घ्यावा.

शेवटीं विद्यार्थ्यांना एक सूचना. 'स्मृतिचित्रां'तील आपल्या आवडीच्या दहा ओळी घ्या. प्रथम कोश जवळ ठेवून त्यांचें इंग्रजी भाषांतर स्वतः करा; किती खाडाखोड होते ती होऊं द्या. नंतर त्याच ओळी यंत्राला द्या आणि दोन्ही भाषांतरें शेजारीं ठेवा. पुष्कळ ठिकाणीं यंत्राचें इंग्रजी तुमच्याहून शुद्ध असेल. तेथें त्याच्याकडून शिकण्यांत कमीपणा नाहीं. पण जेथें फरक असेल तेथें प्रत्येक शब्दाखालीं रेघ ओढून, हा शब्द मीं कां घातला, याचें एक वाक्यांत कारण लिहा. ज्या शब्दाचें कारण देतां येईल तो शब्द तुमचा झाला. यंत्राचा शब्द तुम्हांला पसंत पडला तर अवश्य घ्या, मात्र त्याचेंहि कारण लिहून मग घ्या. अशीं पांचपंचवीस कारणें लिहून झालीं म्हणजे, निबंधाची वही पुढें घेऊन तासभर कशासाठीं बसावें, हें मला तुम्हांस निराळें सांगावें लागणार नाहीं.